बिनकार्डाची चार मशिनं

८ ऑक्टोबर, मंगळवार

कार्ड कुठंय, कार्ड कुठंय! आज परत तेच. कृष्णराज — कॉलेजातला, माझं पहिलं कायमचं गिऱ्हाईक — मशिनच्या काचेतून आत डोकावून म्हणतो, ‘‘रणधीरभाऊ, ग्राफिक्स कार्डच न्हाय की ह्यात! गेम काय हवेवर चालणार व्हय?’’ अरे बाबा, प्रोसेसरच्या चिपमध्येच ग्राफिक्स आहे. वेगळी कार्डं घेत बसलो असतो तर परंड्यात चार काय, एक मशिनही उभं राहिलं नसतं. चालवून दाखवलं. झक्कास! तेव्हा खेळायला बसला.

अण्णांना, माझ्या वडिलांना, मात्र हे आधीपासूनच पटलेलं नाही. पुण्याची नोकरी सोडून बसस्टँडजवळ गाळा घेऊन कॉम्प्युटर गेमचं दुकान टाकलं तेव्हा एवढंच म्हणाले, ‘‘एवढं शिकून पोरं खेळवणार?’’ त्यानंतर दुकानात पाऊल नाही. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर पुण्याला परत जाईन, असं मीच घरी सांगून बसलोय. कशाला बोललो!

११ ऑक्टोबर

खंडेनवमी. जुने मॉनिटर घ्यायला पुण्यात आलोय. गाळ्याची किल्ली घरी आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

गेम अडखळतायत. चारही मशिनं! गाडी पळते, थांबते, परत पळते. वर हळदीकुंकू, झेंडूची फुलं — आईचं काम. पूजा झाली नि मशिनांचं डोकंच फिरलं!

१५ ऑक्टोबर

सेटिंग कमी केलं. विंडोज नव्यानं टाकलं. रॅम पूर्ण दाखवतंय. चिप तापत नाही. मग मरतंय कुठं? कृष्णराज उठला — ‘‘म्हनलो न्हवतो, कार्ड पायजे?’’ त्याच्या मागं बाकीचेही गेले. आता माझाच त्या चिपवर विश्वास राहिला नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर माशा मारल्या. पुण्याच्या साहेबांना मेसेज लिहून ठेवलाय, पाठवला नाही.

जेवताना अण्णांनी विचारलं, ‘‘कसं चाललंय?’’ पहिल्यांदाच! नेमकं आज! ‘‘बंद करतोय,’’ म्हणालो. ते ताटावरून उठले.

१९ ऑक्टोबर

विकायचीच आहेत म्हणून मशिनं उघडली. आत धुळीचा कण नाही. आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी! मी मधे एक खाच सोडून बसवलेल्या. ह्या चिपला स्वतःची मेमरी नसते, ती रॅमचीच वापरते. पट्ट्या खाच सोडून लावल्या तर तिला मेमरीकडं जायला दोन वाटा मिळतात, शेजारी लावल्या की एकच, मग गेम अडखळतो. चारही मशिनांत तेच!

घरी येऊन आईवर ओरडलो. ‘‘म्या न्हाय गेले बाबा. किल्ली तुझ्या अण्णांनी नेली होती.’’

म्हणजे अण्णांनी! वर फुलं, आत खोडा! मी परत जावं म्हणून? रडायला आलं. ते शेतात होते म्हणून बरं.

२० ऑक्टोबर, रविवार

विचारलंच. अण्णा म्हणाले, ‘‘कुळव, कुऱ्हाड, समदी औजारं पुजली. तुझीच तेवढी ठिवू व्हय बिनपुजंची? खोलून पुसली. पट्ट्यांची जोडी लांब लांब हुती, शेजारी जुपली.’’

औजारं म्हणाले. माझ्या मशिनांना!

पुण्याचा मेसेज खोडला. तीन मशिनं नीट केली. माझ्या टेबलावरचं अण्णांनी जुपलं तसंच ठेवलंय, पट्ट्या शेजारी शेजारी.