अनंताचं बी

कळमनुरी, १२ जून १९३८
शेजारच्या खाजा मियाशी आज कायमचं फाटलं. त्याच्या अनंताची फांदी भिंतीवरून आमच्या अंगणात येते, पाचोळा पडतो. आमची ही रोज तिचं एक फूल तोडून अंबाड्यात घालते. म्हणजे आम्ही त्याचे मिंधे! भर बाजारात सांगून टाकलं, वर्षाच्या आत माझ्या अंगणात अनंत फुलवीन, नाहीतर तुझ्या दारी येऊन फांदी मागीन. त्या भिंतीकडे पुन्हा बघणार नाही. हिलाही ताकीद दिली. भांडी घेऊन न्हाणीमागे गेली. पटलं असणार.

२९ जून
मुंबईहून टपालानं, व्ही.पी.नं बियाणं आलं. सोबत इंग्रजी पत्रक. म्हणे कोमट पाण्यात भिजवा. कोमटानं काय होतंय? उकळतं घातलं. तातेराव माळी म्हणाला, मालक, अनंताची फांदी लावतेत, बी कोन पेरतंय? अडाणी माणूस. पत्रक वाचलेलं नाही.

१५ जुलै
काही नाही.

१६ जुलै
माती उकरून पाहिली. बिया जागेवर आहेत. माणसाला धीर हवा.

१७ जुलै
पुन्हा उकरून पाहिली.

२ ऑगस्ट, सकाळी ७
उगवला! कचेरीत पेढे वाटले. तहसीलदारसाहेबांनी दोन घेतले. ही म्हणे, अवो, ह्यो तरोटा हाय, उकिरड्यावर माजलाय समदीकडं, कवळा हाय तवर भाजी करते. बायकांची धाव चुलीपर्यंत. काट्यांचं कुंपण घातलं.

४ ऑक्टोबर
फूल आलं. पिवळं. अनंत पांढरा उमलतो आणि मग पिवळा पडतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा मधला वेळ न दवडता थेट पिवळा उमलला. वास नाही, पण मला सर्दी आहे.

१० नोव्हेंबर
शेंगा धरल्या. झाड वाळलं. विश्रांती घेत असावं. पाणी चालू.

२८ मे १९३९
घरात अनंताचा वास! बारीक, पण नक्की. म्हणजे मुळं जिवंत आहेत. पाणी दुप्पट केलं.

८ जून
चार दिवस उरले. पुष्कळ विचार केला. थोर माणसानं आधी पाऊल उचलावं. खाजा मियाला माफ करणार आहे. मी फांदी मागायला जात नाही, समेट करायला जातोय. आग्रहच झाला तर फांदी घेईन.

१२ जून, संध्याकाळ
गेलो. त्यानं खाट टाकली, चहा मागवला. बाजारातली गोष्ट काढली नाही. आग्रहही केला नाही. शेवटी फांदीचं मीच काढलं. तो हसला नाही, ते फार लागलं. म्हणे, कारकूनसाब, आमचा झाड तर उन्हाळ्यात जळून गेला. आमची बीवी खतीजाबी तुमच्याच न्हाणीमागून फुलं आणून राहिली. भाभीनं फांदी नेली व्हती ना, आपलं भांडण झालं त्याच हफ्त्यात.

घरी येऊन न्हाणीमागे गेलो. गुडघ्याएवढं झाड, पांढरंशुभ्र फुललेलं. हिला विचारलं, मला सांगितलं का नाही? म्हणे, तुमी रोज त्या तरोट्याला पानी घालून राहिले, काहून मन मोडू तुमचं? लाज वाटली. रागही आला, पण कुणावर ते ठरेना.

तेवढ्यात खतीजाबी फुलांना आली. माझ्याकडे बघत हिला म्हणाली, भाईजानला फांदी पायजे म्हनं, तोडून देऊ का एक? ही म्हणाली, द्या.

घेतली.