कोरी नोंदवही, संपलेला कापूस

सोलापूर, मंगळवार, १२ मार्च १९७४

नव्या सूतगिरणीच्या बांधकामावर महिनाभर एकही अपघात नाही, असं माझी नोंदवही सांगते. मोठे साहेब खूश. मग औषधपेटीतला कापूस संपला कसा?

आज संध्याकाळी पाट्या वाहणाऱ्या मल्लव्वाची दोन बोटं चिंधीत गुंडाळलेली दिसली. चार दिवसांची जखम, पिकलेली. म्हणाली, "लिवू नका की सायेब, आमच्या टोळीचे डबे जातील."

ज्या टोळीत अपघात नाही, तिथं प्रत्येकाला स्टीलचा डबा बक्षीस. कल्पना माझीच! महिनाभर मी मोजली ती नुसती लपवालपवी. खरं बोलला तो कापूस.

उद्यापासून डबे, धोका आधी दाखवेल त्या टोळीला. जमवतोच.

मल्लव्वाला दवाखान्यात नेऊन आणलं आणि वहीत पहिली नोंद केली: दोन बोटं. जखम पिकण्याचं कारण: माझा डबा.