बिशपचे हात

लोअर हट, १७ ऑगस्ट २००६

उद्या या देशाच्या नागरिकत्वाची शपथ. भारतीय पासपोर्ट जाणार, आणि पुण्यात बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.

सईच्या वर्गात मध्ययुगाचं नाटक आहे. ती बिशप, राजाकडून चर्चसाठी जमीन घेणारा आणि त्याबदल्यात राजाच्या हातात हात देऊन 'मी तुझा माणूस' अशी शपथ घेणारा. तालमीला राजा मी. तिने गुडघे टेकून जोडलेले हात पुढे केले आणि मी सवयीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"नो आई, होल्ड माय हँड्स. नाऊ आय ॲम युअर मॅन."

धरले. गार होते.

बिशप तर देवाचा माणूस, मग राजाचा कसा झाला, असं मी विचारलं.

"ही नीडेड द लँड," ती सहज म्हणाली.

मलाही इथली जमीन हवीच आहे ना? मग बाबांना सांगायला का कचरतेय? उद्या राणीशी निष्ठेची शपथ घेताना माझे हात कुणी धरणार नाही. नंतर बाबांना फोन लावायचाय, तोही याच हातांनी.