चलान नंबर ४४१७

४ मार्च, सकाळी ८.१०
वाहतूक ऑफिसचं पत्र आलं. म्हणे ग्रामीण हद्दीत माझ्या गाडीवर एक जुनं चलान आहे, नंबर ४४१७. आंधळ्या वळणावर ओव्हरटेक. कोर्टाच्या तारखेला मी हजर राहिलो नाही म्हणे. तीस दिवसांत खुलासा करा, नाहीतर लायसन सहा महिने बंद.
माझं लायसन! एकवीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. अर्ध्या गावाला ब्रेक कुठला आणि क्लच कुठला ते मी दाखवलं.
चलान कोणत्या तारखेचं, तेही लिहिलेलं नाही. गाढवं.
ही म्हणाली, आठवून बघा, गेला असाल कधी तिकडे. मी म्हटलं, आठवायला आधी घडावं लागतं. ही चहा ठेवायला उठली. पॉइंट माझा.
संकल्प: १. मूळ रेकॉर्ड काढायचं. २. लेखी माफी घ्यायची. ३. माफी फ्रेम करून क्लासच्या भिंतीवर लावायची. ४. ब्लडप्रेशर वाढवायचं नाही.

६ मार्च
तालुक्याच्या कोर्टात जाऊन आलो. बासष्ट किलोमीटर. रेकॉर्ड रूम मागच्या बाजूला, सायकल स्टँडला चिकटून. लोखंडी रॅक, छतापर्यंत गठ्ठे, सगळीकडे धूळ. खिडकीत रेकॉर्ड सांभाळणारी बाई. जागेवरून उठली की दाराला कुलूप. नाव ठेवलं: कुलूपबाई.
चलानचा नंबर सांगितला. वर न बघता म्हणाली, साल? मी म्हटलं, साल तुम्ही सांगायचं. म्हणाली, साल नाही तर अर्ज घेत नाही. मी म्हटलं, अर्ज घेतल्याशिवाय साल कळणार कसं? म्हणाली, जेवणाची सुट्टी.
कुलूप. घड्याळात ११.४० झाले होते.

९ मार्च
पुन्हा गेलो. तीन पानी अर्ज नेला. टाईप हिने केला, भाषा माझी. कुलूपबाईने पहिली ओळ वाचली आणि म्हणाली, अर्धं पान पुरलं असतं.
मग जरा खाली वाकून म्हणाली, हे बघा, तिकडच्या पोलीस चौकीत कॉम्प्युटर नव्हताच, चलानं हाताने लिहिलेली. चौकी बंद झाली तेव्हा पुस्तकं पोत्यांत भरून इकडे आली, निम्मी भिजलेली. मुदतीत मूळ कागद मिळाला नाही तर मी ‘नोंद आढळली नाही’ लिहिते आणि प्रकरण बंद होतं. घरी जा, शांत बसा.
मी काय समजायचं ते समजलो. पुरावा दडपतायत! सांगितलं, मला दया नको, सन्मानाने निर्दोष सुटायचंय. तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, नक्की? म्हटलं, शंभर टक्के.

१० मार्च
थेट न्यायाधीशांकडे लेखी तक्रार ठोकली. मागणी: प्रत्येक पोतं उघडा. आणि फक्त ४४१७ नको, माझ्या नावाची एकूण एक नोंद शोधा, सगळ्या वर्षांची. एकदाच काय ते स्वच्छ होऊ दे.
ब्लडप्रेशर मोजलं. मशीन खराब आहे.

१३ मार्च
आंघोळ करताना डोक्यात प्रकाश पडला. मेहुणा!
हिचा धाकटा भाऊ. भाजीचा टेम्पो चालवतो, त्याच भागात. माझी गाडी त्याने दोनदा नेली होती. एकदा टेम्पो बिघडला म्हणून, एकदा कशाला तरी. गाडी माझी, पाय त्याचा. सरळ हिशोब.
संध्याकाळी जेवायला बोलावलं आणि ताटावरच विचारलं. तो म्हणाला, भावजी, मी कधी असा ओव्हरटेक करतो का? मी म्हटलं, करणारे सगळे असंच म्हणतात. हिने भाताचं पातेलं आपटलं. तो अर्ध्या ताटावरून उठला.
उठला म्हणजे कबूल केलं.

१६ मार्च
नवीन विद्यार्थिनीला चौकात ओरडलो. गाडी तिथेच सोडून घरी निघून गेली. लोकांना हल्ली शिकायचंच नाही.

१७ मार्च
विजय! मेहुणा स्वतःहून क्लासवर आला. उभ्याउभ्याच बोलला. म्हणाला, ताई रडत होती. तुमचं लायसन गेलं तर क्लास बंद पडेल. माझ्या नावावर पडू दे एक चलान. कुठे सही करायची सांगा.
मी प्रतिज्ञापत्र तयारच ठेवलं होतं. ‘सदर वेळी वाहन मी चालवत होतो.’ त्याने न वाचता सही केली. मी मोठ्या मनाने म्हटलं, चूक मान्य करायला हिंमत लागते. माझ्याकडे बघत राहिला आणि गेला. चहा पण घेतला नाही. अपराधी मन.

२२ मार्च, दुपारी
कुलूपबाईचा फोन. आवाज भलताच गोड. म्हणाली, अभिनंदन, सापडलं. नऊ दिवस पोती उपसली, दमा उसळला, पण सापडलं. एक मागितलं होतं, तीन सापडली.
तीन?

२३ मार्च
कागद बघितले. दोन किरकोळ आहेत. सीट बेल्ट आणि नो एंट्री. माणूस आहे, होतं.
तिसरं ४४१७. तारीख ९ नोव्हेंबर, चार वर्षांपूर्वीची. वेळ सकाळी १०.२५. तलावाच्या रस्त्यावर. खाली हवालदाराचा शेरा: ‘चालकाने आपण ड्रायव्हिंग शिक्षक असल्याचे सांगून वळणच चुकीच्या जागी असल्याबाबत वीस मिनिटे वाद घातला. गाडीत एकटाच. मागच्या सीटवर मासे पकडण्याचे गळ.’
त्याखाली चालकाची सही. माझ्या सहीसारखी आहे. पण माझी सही सोपी आहे, कोणीही करेल. आणि वळण खरोखरच चुकीच्या जागी आहे.
९ नोव्हेंबर ही तारीख कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते. असो.
कुलूपबाईने विचारलं, नक्कल हवी? मी म्हटलं, गरज नाही. प्रतिज्ञापत्र आहे. कायद्यात शपथेला वजन असतं. मेहुण्याला तारीख-बिरीख सांगून उगाच गोंधळात टाकण्यात अर्थ नाही.

२७ मार्च, सुनावणी
जसं झालं तसं लिहितो.
न्यायाधीशांनी मेहुण्याला विचारलं, गाडी तुम्ही चालवत होता? तो म्हणाला, हो साहेब. त्यांनी विचारलं, ९ नोव्हेंबरला, सकाळी साडेदहाच्या सुमाराला?
त्याने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.
म्हणाला, साहेब, त्या दिवशी मी आईला दवाखान्यात नेत होतो. ती अंगणात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. बटाट्याच्या पोत्यांवर गादी टाकून नेली टेम्पोतून. ती तारीख मी विसरणार नाही.
ही मागच्या बाकावर होती. कोणी विचारलं नसताना उभी राहिली. म्हणाली, साहेब, यांचीही चूक नाही, यांचं नावच चुकून पडलंय. त्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये होती. आईसाठी गाडी घेऊन या म्हणून मीच सकाळी फोन केला होता. हे म्हणाले, क्लच खोलून ठेवलाय, संध्याकाळपर्यंत गाडी मिळणार नाही. नाहीतर हे आलेच असते.
माझ्या बाजूने बोलली ती. हे मुद्दाम लिहून ठेवतो.
न्यायाधीशांनी कुलूपबाईला मूळ नोंद वाचायला सांगितली. तिने वाचली. रस्ता, वेळ, वीस मिनिटं, एकटाच, गळ. एरवी खेकसणारी बाई, पण शेवटचा शब्द अगदी हळू वाचला. मला वाटतं तिला थांबायचं होतं.
ही खाली बसली.
मला एकच प्रश्न आला. सही तुमची? मी हो म्हणालो. वळणाबद्दल तयार केलेलं भाषण खिशातच राहिलं.
तिन्ही चलानं मिळून लायसन वर्षभर बंद. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल मेहुण्याला सगळ्यांसमोर झापलं आणि ताकीद देऊन सोडलं. मान खाली घालून ऐकत होता. ते प्रतिज्ञापत्र माझ्या अक्षरात आहे, हे मला तेव्हा सांगता आलं असतं.
बाहेर आलो. लायसन जमा, म्हणून गाडी कोर्टाच्या आवारातच सोडली. ही टेम्पोत पुढे बसली, खिडकीतून दुसरीकडे बघत. मेहुणा म्हणाला, भावजी, मागे जागा आहे. मी म्हटलं, नको, बस आहे.
बस दोन तासांनी आली.

२९ मार्च
ही माहेरीच आहे. फोन उचलत नाही. क्लासच्या दारावर ‘काही कारणास्तव बंद’ लावलं. एका विद्यार्थ्याने खाली पेनने कारण लिहिलंय. बरोबर लिहिलंय.

२ एप्रिल
सासूबाईंकडे गेलो. बस फाट्यापर्यंतच जाते, पुढे चार किलोमीटर चाललो. वाटेत तीन वाक्यं पाठ केली. पहिलं सासूबाईंसाठी, दुसरं मेहुण्यासाठी, तिसरं हिच्यासाठी.
टेम्पो दारात नव्हता. कडी वाजवली. आतून सासूबाईंचा आवाज आला, आले, आले. मग काठी. एक ठोका, मग पाय ओढल्याचा आवाज, मग पुन्हा ठोका. खोलीपासून दारापर्यंत पंधरा पावलं असतील. मी उभा राहून ऐकत होतो. सासूबाई दारापाशी पोचेपर्यंत मी तिन्ही वाक्यं विसरलो.
दार उघडलं. माझ्या धुळीने भरलेल्या चपलांकडे बघितलं. म्हणाल्या, चालत आलात?
मी म्हणालो, हो.