रिद्धीच्या तापाचा रकाना

३ फेब्रुवारी
आलो एकदाच्या! परभणीहून दोन बॅगा, एक कुकर आणि सहा वर्षांची रिद्धी. तारापूरला काशीबाईंची खोली मिळाली. अंगणात बोंबील वाळतात. रिद्धी नाक मुरडते, माझ्या तोंडाला पाणी सुटतं.

बोईसरच्या प्रयोगशाळेत ऑपरेटर, दिवसपाळी. लांबलचक सरळ नळीच्या दोन टोकांकडून कणांचे झोत सोडायचे आणि मधोमध धडकवायचे. झोत इतके बारीक, की बहुतेक कण एकमेकांना चुकवूनच जातात. आमचे प्रमुख मनीष सर म्हणाले, चुंबक किंचित हलवायचं. धडकांचा आकडा वाढला तर त्याच दिशेला पुढे, घसरला तर मागे. ते प्रोग्रॅमच करतो. मी तक्त्यात हवा, पाणी, भरती-ओहोटी भरायची. तो सगळे रकाने वाचतो.

११ फेब्रुवारी
अंग नुसतं आंबलंय. आकडा हलेना. दुपारी काशीबाईंचा फोन, रिद्धीला ९९ ताप. हाताशी कागद नव्हता, म्हणून तक्त्यातल्या रिकाम्या रकान्यात तिचं नाव घालून टिपून ठेवला. नंतर आकडा जरा वाढला.

१४ फेब्रुवारी
दुपारी १००, घरी पोचेपर्यंत उतरलेला. काशीबाई म्हणाल्या, तुमी कामावर असता तवाच पोर तापते, एरवी काय नाय. डॉक्टरांना काही सापडलं नाही. झोत मात्र छान जुळतायत.

१७ फेब्रुवारी
रकाना पुसला. डबा खाऊन आले तर परत हजर, १०१.५. पाच मिनिटांनी काशीबाईंचा फोन. ताप तेवढाच.

१८ फेब्रुवारी
रजा काढून घरी बसले. तरी आला. मशीन चालू झालं आणि आला. १०३.

सरांना फोनवर सगळं सांगितलं. म्हणाले, थकलात तुम्ही. आजवरचा सर्वांत मोठा आकडा आहे, कशालाही हात लावू नका.

१९ फेब्रुवारी
ताप चढला की आकडा वाढतो, म्हणून प्रोग्रॅम तापही चुंबकासारखा ढकलतोय: वाढला तर पुढे. थांबायचं कुठे, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मेल्या, माझीच पोर सापडली?

१०४. मला ओळखेना.

२० फेब्रुवारी
वही कामावर आणलीय. मशीन बंद केलं — सरांनी पुन्हा लावलं. रकाना जात नाही. नाव बदलता येतं.

रिद्धी खोडलं. माझं लिहिलं, ज्ञानेश्वरी.

११.२० — फोन. उतरला! भात मागतेय म्हणे. रडले मी.

१२.०५ — मला १०२. सर टाळ्या वाजवतायत —

१२.४० — १०५. अक्षरं हलतात — सर, हात जोडते, माझ्यानंतर त्या रकान्यात कुणाचंही ना—