विकायला काढलेला पितळी पंप

आबा, तुमचा पितळी पंप मी विकला होता. आता तो परत आलाय, माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखाली उभा आहे. पण मधल्या आठ दिवसांत जे झालं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगावं असं नाही, आणि तुम्हाला सांगायची सोय उरलेली नाही. तरी लिहिते. मास्तरीण आहे, लिहिल्याशिवाय हिला काही समजत नाही, असं तुम्हीच म्हणायचात.

धाकटीने मेहकरला नवं दुकान घेतलं. बॅटरीवरचे फवारणी पंप दुरुस्त करते, दोन माणसं हाताखाली आहेत, तालुक्यातून लोक विचारत येतात. तुम्ही गेल्यावर हत्यारं तिच्याकडे गेली आणि पंप माझ्याकडे आला, तो इतकी वर्षं जळगाव जामोदला माझ्या जिन्याखाली पडून होता. दिवाळीनंतर तिचा फोन आला. "ताई, दुकानाच्या दारावर आबाचा पंप टांगावा म्हंतो. देशीन काय? थोड्या दिवसासाठी दे, पायजे त." मी 'बघते' म्हटलं आणि त्याच आठवड्यात पंपाचे फोटो काढून मोबाइलवर विकायला टाकले. हल्ली बाजार फोनमध्येच भरतो, आबा. घरातली अडगळ तिथे मांडायची, कुठला कोण माणूस येतो आणि उचलून नेतो. मला पैशांची गरज नव्हती. मला धाकटीचा हेवा वाटतो, एवढंच कारण. लहानपणापासून वाटतो. पन्नाशी आली, केस पांढरे झाले, हेवा काही पिकून गळून पडला नाही.

वडनेरचं आपलं टिनाचं दुकान आठवतं. बीटी कापूस यायच्या आधीचे, बोंडअळीचे दिवस. हमरस्त्याच्या कडेला पंपांची रांग लागलेली, शेतकरी बैलगाडीच्या सावलीत बसून नंबर धरून आहेत, औषधाचा उग्र वास आणि त्यात नवसागराचा पांढरा धूर. तुम्ही तापलेलं लोखंड फिरवताय, कथील वितळून भेगेत उतरतंय, आणि ते थिजायच्या आत धाकटी कापसाच्या बोळ्याने जोड पुसून घेतेय. एका दमात, डावीकडून उजवीकडे. बोळा देशी कापसाचाच लागायचा. पुढे सगळ्या शिवारात बीटी झाली तरी तुम्ही कुठून कुठून देशी सरकीचा कापूस मागून आणून डब्यात जपून ठेवायचात. त्यात तथ्य किती होतं कोण जाणे. धाकटी दहावी नापास झाली म्हणून दुकानात बसली, मी पहिली आले म्हणून दारात डबा घेऊन उभी. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलायचा नाहीत. तुमचा हात पुढे यायचा आणि हवी ती वस्तू त्यात पडायची. मी दारातून बघतेच आहे, असं आजही होतं.

एकदा तुम्ही पाणी प्यायला उठलात तेव्हा मी लोखंड हातात घेतलं. जास्त तापलेलं होतं. बारीकशी भेग होती, तिचं बोट जाईल एवढं भोक झालं. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. माझ्या हातातून लोखंड काढून घेत म्हणालात, "ठेव ते. तुये हात वहीचे हायेत, बाई." धाकटी फिदीफिदी हसली. पुढे मला डीएडला नंबर लागला तेव्हा तुम्ही खामगावहून शाईचा पेन आणलात, आणि त्याच पिशवीतून धाकटीसाठी नवं लोखंड काढलंत, तिच्या मुठीच्या मापाची लाकडी मूठ बसवून. गल्लीतले लोक म्हणाले, मोठीनं नाव काढलं. मी पेन घेऊन तुमच्या पाया पडले तेव्हा माझे डोळे तिच्या हाताकडे होते.

मग बीटी आली. बियाणंवाल्यांनी सांगितलं, आता बोंडअळी लागणार नाही, फवारे अडगळीत टाका. त्या हंगामात दुकानात माशा मारायची वेळ आली. आई चिडचिड करायची आणि तुम्ही म्हणायचात, "अळी गेली त लोकायचं भलं झालं. आपुन स्टो दुरुस्त करू." दोन-तीन वर्षांत मावा आला, तुडतुडे आले, पंप परत आले, पण ते प्लास्टिकचे. पितळी एकच उरला. त्याचा मालक दुरुस्तीला टाकून गेला होता. कापूस हाती आला नाही, जमीन दुसऱ्याला करायला दिली आणि बायकापोरं घेऊन सुरतेला गेला. तुम्ही तीन हंगाम त्याची वाट पाहिलीत. दर मृगाला पंप उतरवून पाणी भरायचं आणि कोरड्या राखेवर उभा करायचा. सकाळी राखेवर थेंबाचा डाग नसला की पंप पास. चौथ्या वर्षी कुठे तुम्ही म्हणालात, "आता हा आपला म्हना."

तर तो पंप मी विकायला टाकला आणि दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आलं. पांढरी गाडी, कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात सारखं मॅडम, मॅडम. हॉटेलं सजवायचं काम करतो म्हणाला, जुन्या पितळेला मोठी मागणी आहे. त्याने घासाघीस केली नाही. आपल्याकडे भाजीच्या जुडीवरही घासाघीस होते, तेव्हाच मी शहाणी व्हायला हवी होती. उलट मीच त्याला चहा पाजला आणि बोलता बोलता शाळेचं नाव सांगून बसले. पैसे फोनवर आले, पंप गाडीत गेला. त्या दिवशी मला खरंच हलकं वाटलं. वाटलं, धाकटीला सांगेन, अगं, राहिला नाही तो.

चौथ्या दिवशी त्याचा फोटो आला. पंप फरशीवर उभा आणि खाली पाण्याचं थारोळं. मॅडम, तुम्ही मला गळका, थुकपट्टी लावलेला माल दिला. पैसे परत करा, पंप घेऊन जा, नाहीतर तुमच्या शाळेच्या गटावर टाकतो की मास्तरीण लोकांना फसवते. फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. आणि मग जे कळलं ते त्या धमकीपेक्षा वाईट होतं. हा तुमचा पंप आहे की दुसरा, हे मला ओळखता येत नव्हतं. इतकी वर्षं माझ्या घरात होता आणि मी त्याच्यावरून हात फिरवला नव्हता. ओळखू शकेल असं माणूस एकच होतं.

फोटो पाठवला आणि दुसऱ्या मिनिटाला धाकटीचा फोन. "ताई, हा कोनाचा पंप होय? आबाचा कोठं हाय?" मी विकला म्हणून सांगितलं. मला वाटलं रडेल, भांडेल. ती म्हणाली, "हा आबाचा नाई. याचा जोड कानशीनं घासेल हाय. त्यानं खरा ठेवून घेतला न् हा गळका तुया गळ्यात मारून राह्यला. तो पैसेही वापस नेईन न् पंपही. त्याले म्हन, पैसे घेऊन येतो, नांदुऱ्याच्या स्टँडवर ये. मी येतो." काऊन विकला, हे तिने विचारलं नाही.

नांदुऱ्याला ती माझ्याआधी पोचली होती, मेहकरहून दोन गाड्या बदलून. तो आला, हसत हसत पंप काढून दिला. धाकटीने अंगठा जोडावरून फिरवला आणि म्हणाली, "भाऊ, हा नाई. खरा गाडीत असंन, तो आना." तो हसला. "बाई, मॅडमनं देला तोच हाय. तुमी काय कंपनीतून आल्या काय?" चहाच्या टपरीवर गाडीची वाट पाहत पाचसात शेतकरी बसले होते, त्यातल्या म्हाताऱ्याच्या हातात तिने पंप दिला. "काका, तुमीच सांगा. हे काम वडनेरच्या मिस्त्रीचं हाय काय?" पंप या हातातून त्या हातात गेला. कुणी जोड पाहिला, कुणी झाकण फिरवलं, कुणी पाठीला लावून पाहिला. त्या स्टँडवर पंप कधी पाठीवर न घेतलेली माणसं दोनच होती, तो आणि मी. म्हातारा म्हणाला, "छ्या. मिस्त्री कानस लावत नोयता. कापसानं पुसे, जोडावर केसासारख्या रेघा राह्यत." मग धाकटीकडे निरखून पाहत, "तू मिस्त्रीची पोरगी ना वं? बोळा धरून बसे ते?" तिने हाव म्हटलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "आन ह्या बाई कोन?"

एवढ्या गर्दीत, फसवणूक उघडी पडत असताना, मला राग आला तो त्या माणसाचा नाही. म्हाताऱ्याचा आला, आणि धाकटीचा. ती म्हणाली, "माही मोठी बहीण होय, मास्तरीन हाय," आणि ते तिने इतक्या अभिमानाने सांगितलं की राग आणखी वाढला. तोवर शेतकरी उठून गाडीभोवती उभे राहिले होते. कुणी हात उगारला नाही, नुसते उभे राहिले. त्याने निमूटपणे डिकी उघडली. तुमचा पंप गोणपाटात गुंडाळलेला होता. मी त्याचे पैसे फोनवर परत पाठवले आणि तो गेला.

धाकटीने टपरीवाल्याकडून चुलीतली राख मागितली, ओंजळभर जमिनीवर पसरली, पंपात पाणी भरून त्यावर उभा केला. आम्ही दोघी बाकावर चहा पीत बसलो. राख कोरडी राहिली. मग तिने पाणी ओतून टाकलं, पदराने पंप पुसला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता मागेल. नाही कसं म्हणायचं ते मी मनात जुळवूनही ठेवलं होतं. ती म्हणाली, "आबानं जाताना तुले देला ना, मंग तुयाच घरी राहू दे. मी मांगालेच नोयतं पायजे. पैशाची नड असंन त मले सांग, लाजू नको. पन इकू नको." मेहकरकडची गाडी लागली. खिडकीतून हात हलवत ती गेली.

आबा, जाताना तुम्ही पंप मला दिलात, हे तिला मी सांगितलं होतं. दवाखान्यात त्या दुपारी तुमच्याजवळ मी एकटीच होते, ती डबा आणायला गेली होती. तुम्ही म्हणालात, "पंप धाकलीले देजो. तुले त्याचं काय काम." तुमचं दुसरं वाक्य आलं नसतं तर पहिलं मी पाळलं असतं, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. आज लिहून पाहिलं, तर तेही खरं वाटत नाही. मेहकरला सकाळी कुठली गाडी आहे ते मी स्टँडवर विचारून आले आहे. त्याला आता तीन दिवस झाले.