आत्यानं पाह्यलेले समुद्री डाकू

रत्नागिरी
१५ सप्टेंबर २०२४

ती. भागीरथा आत्याले लिलाधरचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नको, मी खुशाल आहे. इथं ट्रेनिंगमध्ये फोन फक्त रविवारी अर्धा घंटा हाती देतात, अन तेवढ्यात तू जेवला का, भात होता का, एवढंच विचारते. जहाजाचं नाव काढलं की फोन नीतूच्या हातात देते. म्हणून कागदावर धरलं तुले.

फेब्रुवारीत शिक्षण संपते. तोवर पासपोर्ट आला तर मालजहाजावर खलाशी म्हणून घेतात. पण तू हो म्हटल्याशिवाय मी जहाजावर पाय ठेवणार नाही, हे निघतानाच कबूल केलं आहे. बाबा धरणाच्या पाण्यात गेले तेव्हापासून तुले पाण्याची धास्ती बसली, मले का माहीत नाही? पण समुद्र एकदा पाहून तर घे.

नीतूच्या नावानं पेन ड्राइव्ह पाठवला आहे. माह्या त्या बहिणाबाईले म्हणावं, टीव्हीले लावून दे. त्यात समुद्री डाकूंचे तीन सिनेमे आहेत, हिंदीत बोलणारे. आधी जुना पाहा, मंग बाई कप्तानाचा. तिसरा राहू दे. तो आम्हाले वर्गात शिकवायसाठी दाखवतात, तुह्या कामाचा नाही.

रागावलीस तरी दोन ओळी लिही.
तुझा लिलाधर


गोसीखुर्द, नवीन गावठाण
२ ऑक्टोबर

चि. लिलाधरले आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

चौथीपर्यंत शिकलेल्या बाईले पत्र लिहाले लावते, वा रे पोट्टा! अक्षराले हसशील तर याद राख.

जुना सिनेमा पाह्यला. शेजारच्या कौशल्याबाई अन डोमाची बायको दोघी येऊन बसल्या होत्या. डाकू मोठा देखणा, टोपीले पीस काय, हातात तलवार काय. दोरीले लोंबकळून या जहाजावरून त्या जहाजावर जाते, अन अंगाले घाम नाही. कौशल्याबाई म्हणे असा जावई पाह्यजे. म्या म्हटलं, याले कामधंदा काय आहे ते तर विचार.

दुसरा त्याच्याहून बरा. बाई डाकूंची कप्तान, पन्नास गड्यांले हुकूम सोडते अन गडी गुमान ऐकतात. तो आम्ही दोनदा पाह्यला. वादळ नवीन मशीनवर केलं म्हणते नीतू. जहाज फुटलं पण बाईची वेणी काही सुटली नाही, बाप्पा!

पण एक गोष्ट मले पटली नाही. दोन्ही मिळून पाच घंटे समुद्र दाखवला अन एकानं मासा धरला नाही! जाळं नाही, गळ नाही. मंग हे जेवतात काय? पाण्यावर राहणाऱ्या माणसाचं पाण्यावर लक्षच नाही. असे सिनेमे बसून पाह्यण्यासारखे आहेत, हसाले बरे. पण त्याच्यावर मी पोरगा देईन असं समजू नको.

झिंग्याची चटणी पाठवली आहे, दोस्तांले दे.
तुझी आत्या


रत्नागिरी
२० ऑक्टोबर

ती. आत्याले दंडवत. वि. वि.

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं. मास्तर म्हणाले, सिनेमातले डाकू मासा धरत नाहीत हे चाळीस वर्षांत त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. चटणी एका जेवणात संपली.

आता कामाचं. पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस घरी येतील. फार काही नाही, लिलाधर बुधराम इथलाच का एवढं विचारतात. हो म्हणायचं, रेशन कार्ड दाखवायचं. त्यांनी तसं लिहून पाठवलं की झालं.

तुझ्या उत्तराची वाट पाहून राहिलो. हो का नाही ते अजून तू लिहिलं नाही.
तुझा लिलाधर


गोसीखुर्द
६ नोव्हेंबर

चि. लिलाधरले आशीर्वाद. वि. वि.

तिसरा सिनेमा पाह्यला. नको म्हटलं की मी पाहीन, हे तुले कळाले पाह्यजे होतं. त्यात टोपी नाही, तलवार नाही. एवढ्या मोठ्या मालजहाजावर लहान डोंग्यातून बंदुका घेऊन पोट्टे चढतात. जहाजावरचा स्वयंपाकी पिठाच्या कोठीत लपते. तुह्याच वयाचा होता तो. अर्ध्यावर म्या टीव्ही बंद केला, मंग पुन्हा लावला.

धान कापणं सुरू आहे. नीतूची परीक्षा आहे. बाकी काही विचारू नको.
आत्या


रत्नागिरी
१ डिसेंबर

ती. आत्याले सा. न. वि. वि.

पासपोर्ट अडकला. पोलिसांचा शेरा आला की या नावाचा माणूस दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. चूक माझीच आहे. अर्जात सवयीनं जुन्या गावाचं नाव लिहून बसलो. आपलं घर पाण्याखाली जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गाव म्हटलं की हात तेच लिहिते. पाण्याखाली कोण पोलीस मले शोधणार!

तू मनाले लावून घेऊ नको. तसंही तुझं मन नव्हतंच, मंग कायले ओढाताण? फेब्रुवारीत परत येतो. बाबाचा डोंगा डोमाकाकाच्या आवारात उलटा पडला आहे ना, त्याले डांबर लावतो अन धरणात जाळं टाकतो. तुह्या डोळ्यासमोर राहीन.

सांभाळून राहा.
लिलाधर


गोसीखुर्द
१२ डिसेंबर

चि. लिलाधरले भागीरथा आत्याचे आशीर्वाद, अन आज पहिल्यांदा माफी.

बाबू, चूक तुही नाही. तिसरा सिनेमा पाह्यला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हवालदार आला होता. गावातले सारे धानावर, घरी मी एकटी. जुन्या गावचे लोक इथं राहतात म्हणून कागद दाखवून विचारू लागला. म्या म्हटलं, ते गाव बुडालं, अन या नावाचं इथं कोणी नाही. रेशन कार्ड डोक्यावरच्या फळीवर होतं. काढलं नाही.

तुहं पत्र आलं, पोट्टा परत येते म्हणून आधी खूश झाली, खोटं कायले सांगू. कौशल्याबाईले सांगाले उठली अन उंबऱ्यातच बसली. कोणत्या पाण्यात येऊन राहिला तू? बुधरामदादा नदीतला भोवरा अन भोवरा ओळखे. पण या धरणाच्या पोटात बुडालेली झाडं उभी आहेत, ती त्याले दिसली नाही, अन त्याच डोंग्यातून तो गेला. समुद्रातून तुले ओढून मी तिथंच बसवून राहिली होती.

मंग त्या सिनेमातले बंदूकवाले आठवले, म्हणून तो पुन्हा लावला. हडकुळे होते रे. त्यांचा म्होरक्या सांगे की आमच्या पाण्यात मासा उरला नाही. म्हणजे ते आपल्यासारखे ढिवर, मासे धरणारेच, कामाविना घरी बसून राहिलेले. भीती वाटली तेव्हा हे ऐकूच आलं नव्हतं. तिन्हीत पाह्यण्यासारखा सिनेमा तोच आहे, पण मले तो दोनदा पाहावा लागला.

काल नीतूले संगं घेऊन, सरपंचाचा दाखला अन रेशन कार्ड घेऊन ठाण्यात गेली. हवालदार भडकला, त्या दिवशी तर बाई तुम्हीच नाही म्हणत होत्या. म्या म्हटलं, खोटं बोलली साहेब, लिहून घ्या. त्यानं विचारलं, तुम्ही त्याच्या कोण, अन हाच तो लिलाधर हे तुम्हाले पक्कं कसं माहीत. आता काय सांगू त्याले? म्हटलं साहेब, तुमच्या घरी बारशाले पोराच्या कानात नाव कोण सांगते? आत्याच सांगते ना. याचं नाव लिलाधर आहे हे याच्या बापाच्याही आधी याच्या कानात म्या सांगतलं.

बोलली, अन ठाण्यात सर्वांसमोर रडू फुटलं. ज्या तोंडानं तुले नाव दिलं, त्याच तोंडानं म्हटलं होतं की असा कोणी नाही. हवालदारानं पाणी दिलं. पुन्हा अर्ज कसा करायचा ते नीतूले समजावून सांगतलं, अन पुढच्या चौकशीत तो काय लिहील ते मले वाचून दाखवलं. लिलाधर बुधराम, राहतो, आत्यानं ओळखला.

हो म्हणून राहिली रे बाबू. जा.
तुझी आत्या